जवसाचा वास

लेन्समधलं शटर माझ्यासमोर अगदी नीट चाललं आणि मला तेच खटकलं.

भर दुपारची वेळ होती. अमरावतीतलं माझं दुकान पत्र्याखालचं, त्यामुळे हिवाळ्यातही दुपारी आत बरीच ऊब असते. अकोल्याचे फोटोग्राफर मधुकरभाऊ समोरच्या स्टुलावर बसले होते. त्यांनी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून आणलेली लेन्स माझ्या टेबलावर होती. एका सेकंदावर लावून मी बटण दाबलं. पाकळ्या उघडल्या, आतली चाकं घर्र करून फिरली, पाकळ्या मिटल्या. अर्ध्या सेकंदावर लावलं, तेही बरोबर. पुढचे सगळे स्पीड पाहिले. कुठेच अडलं नाही.

"चालते तर भाऊ," मी म्हणालो.

"तुमच्या हातात चालते. तिथं अडते."

"तिथं म्हंजे कुठं?"

"जिथं काम पडते तिथं."

मी कॅमेरे दुरुस्त करतो. वडील घड्याळजी होते. बारीक स्क्रू धरायचं त्यांच्याकडून शिकलो आणि पुढे कॅमेऱ्याकडे वळलो. या धंद्यात माणूस संशयी होतो, न होऊन सांगतो कोणाला. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तीन गोष्टी सांगतं: पडला नाही, पाणी लागलं नाही, कोणी उघडला नाही. यातल्या दोन तरी खोट्या असतात. म्हणून मी माणसाकडे कमी आणि स्क्रूच्या डोक्याकडे जास्त पाहतो. चुकीच्या पेचकसानं कोणी हात घातला असेल तर स्क्रूची खाच चेंगरलेली दिसते. मधुकरभाऊंच्या लेन्सचे स्क्रू कोरे होते. म्हणजे आत कोणी गेलं नव्हतं. मग नीट चालणारी लेन्स घेऊन हा माणूस अमरावतीला का आला?

लेन्सबद्दल थोडं सांगायला हवं. ही जुनी जर्मन लेन्स लाकडी ग्रुप कॅमेऱ्याची होती. मोठी पेटी, पुढे भाता, मागे काळं कापड, अशा कॅमेऱ्यातून पूर्वी शाळेचे आणि लग्नाचे ग्रुप फोटो निघत. तिच्या दोन काचांच्या मध्ये शटर असतं. शटर म्हणजे पोलादाच्या पातळ पाकळ्या. बटण दाबलं की त्या उघडतात, ठरलेला वेळ उजेड आत सोडतात आणि मिटतात. एक सेकंद, अर्धा सेकंद असा तो वेळ मोजायला आत घड्याळासारखी दातेरी चाकं असतात. पाकळ्या एकमेकींवरून कोरड्या सरकायला हव्यात. थोडा चिकटपणा आला की त्या उशिरा मिटतात. जास्तीचा उजेड आत जातो आणि फोटो जळतो.

"कोणता फोटो जळला?" मी विचारलं.

मधुकरभाऊंनी मान खाली घातली. मग सांगितलं.

अकोल्याजवळची एक जिनिंग बंद होत होती. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. ती वर्षं वाईट होती. कापूस यायचा तो कमी, त्याला भाव त्याहून कमी, आणि जिनिंगमागून जिनिंगला कुलूप लागत होतं. तिथल्या कामगारांनी ठरवलं की शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मिळून एक फोटो काढायचा. स्टुडिओ मधुकरभाऊ आणि त्यांचा धाकटा भाऊ अरुण यांचा, दोघांच्या नावाचा. त्या दिवशी मधुकरभाऊंना ताप होता, म्हणून अरुण गेला. भल्या सकाळी, शिफ्टच्या आधी, सगळे कामगार, बाया, मुकादम, चौकीदार रांगा करून उभे राहिले. अरुणनं दोन प्लेटा, म्हणजे दोन फोटो, काढले. दोन्ही निगेटिव्ह काळ्या ठिक्कर निघाल्या.

"पुन्हा काढा मग," मी म्हणालो.

"कोणाचा काढता? कोणी सुरतले गेले, कोणी पुण्याले. बायांचा तर पत्ताच नाही."

"अन् तुमाले काय वाटते?"

मधुकरभाऊंनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"करीमभाई, तुमाले म्हून सांगतो. अरुणनं कायतरी केलं हाय यात. त्याले डिजिटल पायजे. हा कॅमेरा मेल्याशिवाय मी डिजिटल घेत नाही, हे त्याले माहीत हाय. घरी मी दाबून पाह्यलं तं चालते. त्याच्या हातात गेलं का अडते. याचा अर्थ काय?"

अर्थ मला माहीत नव्हता. पण माणूस चांगला असला तरी हेतू असला की मी वही न उघडता त्याचं नाव लिहून ठेवतो. मी अरुणचं लिहून ठेवलं.

"तुमी फक्त पाहा," मधुकरभाऊ उठताना म्हणाले, "अन् जे निघन ते आमच्या मामाच्या समोर सांगा. मी त्याले वायलं करून राहिलो. बोर्डावरून नाव काढून टाकतो."

वायलं करणं म्हणजे वेगळं काढणं. म्हणजे मी स्क्रू फिरवणार आणि तिकडे एका घराचे दोन भाग होणार. हे मला आवडलं नाही. पण लेन्स घेतली होती.

दुपारभर ती लेन्स नीट चालत राहिली. संध्याकाळी मी ती घरी नेली आणि गच्चीच्या कठड्यावर उघड्यावर ठेवली. पहाटे नमाज झाल्यावर वर गेलो. थंडी बरीच होती, धातूला हात लावला तर बोटं झिणझिणली. सेकंदाच्या पंचविसाव्या भागावर लावून बटण दाबलं.

पाकळ्या उघडल्या आणि उघड्याच राहिल्या. मग पेंगुळलेल्या माणसाच्या डोळ्यासारख्या हळूहळू मिटल्या. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. खाली येऊन शेगडीजवळ धरली, थोडी गरम झाल्यावर दाबलं तर टक्कन चालली.

म्हणजे मधुकरभाऊ खोटं बोलत नव्हते आणि अरुणच्या हातात काही जादू नव्हती. फोटो थंडीत काढला होता आणि तपासणी दुपारी झाली होती. आत काहीतरी होतं जे गारठ्यात घट्ट होत होतं आणि उबेत सैल पडत होतं.

माझी बायको म्हणाली, "मग झालं तर. धाकट्याचा काही दोष नाही."

"दोष थंडीचा नाही," मी म्हणालो. "आत जे आहे ते थंडीनं टाकलं नाही."

दुकानात जाऊन लेन्स उघडली. पुढची काच, स्पीडची रिंग, झाकण. चाकं कोरडी आणि स्वच्छ निघाली. जुन्या जर्मन कारागिरानं बसवली तशीच. पण पाकळ्यांवर तपकिरी पिवळा थर होता. मधाच्या बरणीच्या तोंडाशी जमतो तसा. थर सगळीकडे सारखा नव्हता. वरच्या अंगाला जाड होता, खाली पातळ होत गेला होता. वरच्या अंगाला शटर ताणून ठेवायचा चाप सरकवायची एक बारीक खाच असते. तेल त्या खाचेतून, बाहेरून, आत उतरलं होतं. एकदा नाही. थरावर थर होते.

थरात कुठे कुठे लालसर कण दिसले. पोलादाचा गंज असेल म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

आता तेल कोणतं, हा प्रश्न. अडलं की तेल द्यायचं ही आपल्याकडची रीतच आहे. बिजागरीला तेल, सायकलला तेल, शिलाई मशीनला तेल. पुष्कळ लोक शटरलाही मशीनचं तेल देतात आणि मग माझ्याकडे येतात. ते तेल कितीही वर्षं ओलंच राहतं आणि पांढऱ्या पेट्रोलात बुडवलं की सुटतं. मी पाकळ्या पेट्रोलात टाकल्या. थर हलला नाही. चहा पिऊन आलो, तरी नाही. शेवटी रंगारी वापरतात ते थिनर लावलं तेव्हा कुठे तो सालपटासारखा निघाला. एक सालपट मी बल्बजवळ धरलं, गरम झाल्यावर नाकाशी नेलं आणि चक्रावलो.

तो जवसाचा वास होता.

आमच्या वऱ्हाडात हा वास कोणालाही कळतो. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि त्यावर कच्चं जवसाचं तेल. पण जेवायला चांगलं असलेलं हे तेल यंत्राला विषासमान. हवा लागली की ते वाळतं आणि त्याची चामडी बनते. सुतार म्हणूनच ते लाकडाला चोळतात. एखाद्याला शटर कायमचं बंद पाडायचं असेल आणि कोणाला कळूही द्यायचं नसेल, तर याहून चांगली वस्तू सापडणार नाही. हे ज्याला माहीत तो साधा माणूस नाही, असं मला वाटलं.

मी मधुकरभाऊंना फोन लावला. त्या वेळी मोबाईल सगळ्यांकडे नव्हते, स्टुडिओत लँडलाईन होती.

"भाऊ, एक सरळ सांगा. शटरात तेल टाकलं का तुमी?"

"मी? तेल? काहून टाकीन? बाबांनी सांगतलं होतं का लेन्सले तेलाचा थेंब लागू देऊ नको."

"शपथेवर?"

"शपथेवर. कशाचं तेल हाय?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायची सवय.

"जवसाचं."

मग मधुकरभाऊ हळू म्हणाले, "करीमभाई, अरुण आधी फोटो रंगवे. काळ्या पांढऱ्या फोटोवर तेलरंग. त्याच्या टेबलावर जवसाच्या तेलाची बाटली राहे. अजून हाय."

झालं. हेतू होता, माहिती होती, बाटलीही सापडली. पोलीस याहून कमीवर माणूस उचलतात.

दोन दिवसांनी अरुण स्वतःच दुकानात आला. तिशी ओलांडलेला, अंगात स्वेटर, पायात बूट, हातात हेल्मेट. अकोल्याहून मोटरसायकलवर आला होता. मी त्याला ओळखत नव्हतो. त्यानं नाव सांगितलं तेव्हा मी लेन्सवर फडकं टाकलं.

"काका, दादाले सांगू नका मी आलतो म्हून."

"काहून?"

"हे बनवू नका."

"काय?"

"पार्ट भेटत नाही म्हणा. मेला म्हणा. तुमचं काय जाते?"

चोर स्वतःच्या पायानं दुकानात येऊन बसला होता.

तो बोलत होता. अकोल्यात दोन डिजिटल स्टुडिओ झालेत. लग्नवाले आधी विचारतात, सीडी देता का. मोठी लग्नं तशीही राहिली नाहीत, लोकांकडे पैसाच नाही. सध्या स्टुडिओ चालतो तो फॉर्मांच्या पासपोर्ट फोटोंवर. शेतकऱ्यांच्या सरकारी पॅकेजचा फॉर्म, मदतीचा फॉर्म, कुठलाही फॉर्म. गावाकडून आलेल्या माणसाला फोटो ताबडतोब हवा असतो, त्याची परतीची बस असते. "अन् दादा त्याले म्हणते, उद्या ये. तो माणूस उद्या येते का काका? तो पलीकडच्या दुकानात जाते."

"म्हून तेल टाकलं तू?"

"कोणतं तेल?"

तो खरंच गोंधळलेला दिसला. पण चेहऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. मी आजवर पाहिलेल्यांत सर्वांत निष्पाप चेहरा ज्याचा होता, त्यानं कॅमेरा विहिरीत पाडून वाळवून आणला होता.

"जवसाचं," मी म्हणालो.

"मी कशाले टाकीन? मले बंद पाडायचा असता तं खाली पाडला असता. एका मिनटाचं काम."

हे बोलणं पटण्यासारखं होतं. पण हुशार चोर असंच पटण्यासारखं बोलतो, असंही वाटलं. मी त्याला चहा पाजला आणि सांगितलं की चालणाऱ्या वस्तूला मेली म्हणणं माझ्या धंद्यात बसत नाही. तो रागावला नाही. हेल्मेट घालताना एवढंच म्हणाला, "मंग चांगलं बनवा. दादाले माह्यापेक्षा तो कॅमेराच जास्त आवडते."

हे वाक्य मला लागलं. तरीही संशय गेला नाही.

लेन्स तयार झाली. पाकळ्या कोरड्या, चकचकीत. दोन रात्री गच्चीवर ठेवून पहाटे तपासली, एकदाही अडली नाही. मधुकरभाऊंचा फोन आला, रविवारी मामा येणार आहेत, तुम्ही लेन्स घेऊन या आणि काय पाहिलं ते सांगा. जायची इच्छा नव्हती. दुसऱ्याच्या घरच्या वाटणीत परका माणूस उभा केला की दोन्हीकडून शिव्या त्यालाच. पण माझ्या एका फोनवर ही गोष्ट इथवर आली होती, तेव्हा तोंड चुकवणंही बरं दिसलं नसतं. गाडीत बसून मी वाक्य ठरवलं: तेल बाहेरून गेलं, एकापेक्षा जास्त वेळा गेलं, जवसाचं होतं. कोणी टाकलं ते लेन्स सांगत नाही. एवढंच बोलायचं. अरुण दुकानात आला होता हे सांगायचं की नाही, ते वाटेतलं मूर्तिजापूर गेलं तरी ठरलं नव्हतं.

स्टुडिओच्या मागेच घर होतं. बैठकीत आकोटचे मामा पान लावत बसले होते. मोठा माणूस, सगळ्यांच्या वाटण्या करून दमलेला दिसत होता. मधुकरभाऊंची आई दारापाशी पाटावर बसली होती. अरुण भिंतीला टेकून उभा होता. मला पाहून त्यानं नजर फिरवली. मी लेन्स फडक्यातून काढून मधुकरभाऊंच्या हातात दिली. त्यांनी चाप सरकवला, एका सेकंदावर दाबलं, कानाशी धरून आवाज ऐकला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. बापाची वस्तू होती.

मामा म्हणाले, "हं, सांगा मिस्त्री. काय निघालं?"

मी तोंड उघडणार तोच मधुकरभाऊ म्हणाले, "थांबा मामा. आधी लेन्सले पाटावर घेऊ. इतक्या दिवसांनी घरी आली. मंग बोलू."

हा त्यांच्या घरचा रिवाज असावा, मी गप्प बसलो. आईनं पाट मांडला, त्यावर लाल कापड. लेन्स ठेवली. मधुकरभाऊंनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं. एक चिमूट लेन्सच्या वरच्या रिंगेवर. मला काहीतरी आठवल्यासारखं झालं पण नक्की कळेना. मग त्यांनी देवघरातून एक पितळी वाटी आणली, त्यात कापसाची वात बुडवली आणि ती ओली वात लेन्सवर धरली. बरोबर चापाच्या खाचेवर.

मी उठून त्यांचं मनगट धरलं.

"हे काय करून राह्यले भाऊ?"

"तेल वाहून राहिलो."

"कशाचं?"

"जवसाचं. घरच्या घाण्याचं हाय, शुद्ध."

"दरवर्षी वाह्यता?"

"खंडेनवमीले. बाबा गेल्यापासून मीच वाह्यतो."

खंडेनवमी म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी अवजारांची पूजा. आमच्या घरी ती नसते. शेजारचे सुतार, लोहार करतात, दुसऱ्या दिवशी पेढे येतात, ते मी वर्षानुवर्षं खात आलो. पूजेत नेमकं काय करतात ते कधी विचारलं नव्हतं. पाकळ्यांवरचे लाल कण गंज नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

"भाऊ," मी म्हणालो, "तुमाले मी फोनवर विचारलं होतं. तेल टाकलं का. तुमी शपथ घेतली."

"टाकलं कुठं?" मधुकरभाऊ खरोखर चकित झाले. "टाकतेत मशीनीत. देवाले वाह्यतेत. ते काय टाकणं झालं?"

मी त्यांचं मनगट सोडलं. मामांचं पान हातातच राहिलं. मधुकरभाऊ एकदा माझ्याकडे, एकदा वातीकडे पाहत होते आणि ती वात त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर थेंब थेंब गळत होती. त्यांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ते एकदम म्हातारे दिसले. मला हायसं वाटलं आणि रागही आला. हा माणूस महिनाभर भावाला चोर म्हणत होता, आणि तेल त्याच्याच बोटावर होतं.

आई दारातून म्हणाली, "मधू, तुह्ये बाबा तं लाकडाले लावत. स्टँडच्या पायाले. लेन्सपाशी ते मले बी हात लावू देत नोते."

"मले वाटलं," मधुकरभाऊ म्हणाले, "मले वाटलं लेन्स म्हंजे डोळा. खरा देव तं तोच."

आता अरुणची पाळी होती. त्यानं काही बोललं असतं तरी चाललं असतं. त्याच्यावर आळ आला होता, तो साऱ्यांसमोर धुऊन निघाला होता. मामा त्याच्याकडे पाहत होते. मी पाहत होतो. मला वाटलं, आता हा फुटणार.

तो भिंतीपासून सरकला.

"दादा, मी बी काही साधू नाही," तो म्हणाला. "मी काकाकडे गेलतो अमरावतीले. मेला म्हणा, पार्ट भेटत नाही म्हणा, असं सांगतलं त्यायले. विचारा."

मला कोणी विचारलं नाही. मी मान हलवली.

मधुकरभाऊंनी वात वाटीत ठेवली. बोट पायजम्याला पुसलं. भावाची माफी मागणं आमच्याकडच्या थोरल्याला जमत नाही. ते दुसरंच काहीतरी बोलतात आणि धाकट्यानं ते समजून घ्यायचं असतं.

"अरुण," ते म्हणाले, "मिस्त्री सकाळपासून उपाशी असतीन. भजे सांग समोरच्याले. अन् तो स्टँड घेऊन ये इकडे."

अरुणनं स्टँड आणला. लाकडी, तीन पायांचा, कोरडा पडून तडे जायला लागलेला. मधुकरभाऊंनी तीच वात त्याच्या पायांना लावली. लाकूड ते तेल लगेच पिऊन गेलं. मामा पान तोंडात टाकून म्हणाले, "बोर्डाचं काय करायचं मग?" मधुकरभाऊ म्हणाले, "कोणत्या बोर्डाचं?" मामांनी पुन्हा विचारलं नाही.

भजी खाताना मी जिनिंगच्या निगेटिव्ह मागितल्या. त्या दोघांपैकी कोणीही नीट पाहिल्या नव्हत्या. एकानं रागात ठेवून दिल्या होत्या, दुसऱ्यानं भीतीनं. निगेटिव्ह काळी असणं म्हणजे रिकामी असणं नव्हे. रिकामी निगेटिव्ह पारदर्शक असते. काळीत सगळं असतं, फक्त दाट असतं, आणि प्रिंट करताना तिच्यातून उजेड बराच जास्त वेळ सोडावा लागतो. हे त्यांनाही माहीत होतं. पण भांडणात आपलंच कसब आठवत नाही. दोघं भाऊ डार्करूममध्ये गेले. आतून आधी कुजबुज आली, मग वाद, "अजून थांब", "जळून जाईन", "नाही जळत, थांब ना". बाहेर आले तेव्हा हातात ओला फोटो होता. शटर उघडं राहिल्यामुळे जे हलले ते पुसट आले होते. मुकादमाला दोन तोंडं होती. बाया मात्र एकूण एक स्पष्ट निघाल्या होत्या, त्या जागच्या हलल्या नव्हत्या. मधुकरभाऊ बराच वेळ तो फोटो धरून उभे होते. मग एकेकाचं नाव अरुणला विचारू लागले.

पुढच्या वर्षी नवरात्रात त्यांचा फोन आला.

"करीमभाई, डिजिटल घेतला. अरुणनं घेतला. उद्या खंडेनवमी हाय. त्याले तेल कुठं वाह्याचं?"

मी काही बोलायच्या आत मागून अरुणचा आवाज ऐकू आला, "दादा, त्याले हात नको लावू. फूल ठेव बाजूले." आणि मग मधुकरभाऊ मला म्हणाले, "पाहा, कसा बोलते मले." पण आवाजात तक्रार नव्हती.

त्या लेन्सनंतर मी गिऱ्हाइकाला "तेल टाकलं का" एवढंच विचारत नाही. टाकलं, लावलं, सोडलं, चोळलं, वाहिलं, यातलं काय केलं, असं विचारतो. लोकांना वाटतं मी म्हातारा झालो. पण उत्तरं आता खरी येतात. त्या वेळी मी थोरल्यावर संशय घेतला, धाकट्यावर घेतला, थंडीवरसुद्धा घेतला. माझ्या प्रश्नावर घ्यायचा राहिला होता.